हादऱ्यात मोठी फिश टँक कशी टिकेल? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी अडीच फुटी लाकडी स्टँडवर आहे. भूकंपात ती पडू नये म्हणून काचेभोवती पट्टा आवळून भिंतीला अडकवावा का?

पट्टा नको. भिंत आणि मोकळा स्टँड वेगवेगळे हलतात आणि पट्टा जिथे काचेला टेकतो तिथेच सगळा ताण येतो. आधी स्टँड भिंतीला पक्का करा.

हिशेब असा. या मापाच्या टाकीत सुमारे 300 लिटर पाणी मावतं. काच, वाळू, दगड आणि स्टँड धरून एकूण वजन साडेचारशे किलोच्या आसपास जातं. त्यातलं बहुतेक वजन वर असल्याने गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण 95 सेंमीवर येतो, आणि खालचा पाया जेमतेम 45 सेंमी रुंद. त्यामुळे आडवा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पाव भागाएवढा झाला, की एका बाजूचे पाय जमिनीवरून सुटू लागतात. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याएवढा झाला तर स्टँडची वरची कड भिंतीपासून सुमारे 150 किलोच्या जोराने ओढली जाते. प्लास्टरमधला प्लास्टिकचा प्लग एवढी ओढ पेलत नाही.

म्हणून स्टँडच्या मागच्या वरच्या आडव्या पट्टीवर किमान तीन जाड लोखंडी एल-अँगल लावा. ते काँक्रीटमध्ये 10 मिमीच्या अँकर फास्टनरने (भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) बसवा. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात भरलेल्या रसायनाने चिकटणारा बोल्ट) वापरा. जिप्समच्या पार्टिशनवर भरवसा ठेवू नका. भोक पाडण्याआधी आत वायर किंवा पाइप नाही ना, हे पाहून घ्या.

नुसता भिंतीला बांधून भागत नाही. मागची बाजू उघडी असलेला स्टँड कडेला झुकतो, चौकोनाचा तिरका चौकोन होतो आणि सांधे उकलतात. मागे आणि दोन्ही टोकांना 12 मिमी प्लायवूड गोंद आणि स्क्रू लावून बसवा. आमच्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित काम हेच.

टाकी स्टँडवरून घसरू नये म्हणून चारही कडांना 25 मिमी उंचीची लाकडी पट्टी लावा. काच आणि पट्टी यांच्यामध्ये 3 मिमी रबर ठेवा, पण ते दाबून कोंबू नका.

प्रश्न : खाली जाड रबर किंवा स्पंज टाकला तर धक्के शोषले जातील ना?

नाही. टाकीखालचा फोम पृष्ठभागातले बारीक उंचवटे सांभाळतो, त्याचं काम तेवढंच. जाड आणि मऊ थर घातला तर टाकी उलट जास्त डोलते. तळाभोवती प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीला तर फोम घालूच नये. तिचं वजन कडांवर पेललं जातं आणि फोम मधल्या काचेला वर ढकलतो.

प्रश्न : पाणी हिंदकळून बाहेर आलं तर विजेचं काय?

या मापाच्या टाकीत पाणी लांबीच्या दिशेने सुमारे 1.3 सेकंदाच्या आवर्तनाने हेलकावतं, रुंदीच्या दिशेने पाऊण सेकंदाच्या. जमिनीचे हेलकावे याच तालात आले तर लाट दर फेरीला वाढत जाते. म्हणून दूरच्या मोठ्या भूकंपात घरातलं काही पडत नाही, पण टाकी सांडते. पाण्याची पातळी कडेपासून 6-7 सेंमी खाली ठेवा आणि झाकणाला खिट्टी लावा. वरच्या कडेला आतून काचेच्या आडव्या पट्ट्या असतील तर त्या लाट परतवतात.

एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली ठेवू नका. बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा उंच लावा. प्रत्येक वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबून मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळ खालीच गळेल. लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच. हीटर तळाजवळ आडवा लावा. पातळी उतरून तो उघडा पडला, तापला आणि परत पाणी लागलं, की त्याची काच तडकते.

दगड वाळूवर रचू नका. मोठे दगड टाकीच्या आत तळावर अंथरलेल्या पातळ फोमवर थेट टेकवा, वरचे दगड अॅक्वेरियम सिलिकॉनने जोडा आणि बाजूच्या काचेपासून 5 सेंमी आत ठेवा. बऱ्याचदा काच फुटते ती आतून, घरंगळलेल्या दगडाने.

प्रश्न : हादरे थांबल्यावर आधी काय करावं?

हादरे सुरू असताना टाकी धरायला जाऊ नका. थांबल्यावर, पाण्यात हात घालण्याआधी, कोरड्या हाताने मेन स्विच बंद करा. जमीन ओली असून तिथवर पोचता येत नसेल तर लांब राहा. मग सगळ्या सांध्यांवरून कोरडा टिश्यू फिरवा. एखादी जागा ओलसर लागली तर पाणी निम्म्यावर आणा. त्याने सांध्यावरचा दाब कमी होतो आणि मासे तग धरतात.

वीज नसेल तर बॅटरीचा एअर पंप लगेच लावा. बंद पडलेल्या कॅनिस्टर फिल्टरमधल्या (टाकीबाहेरच्या डब्याच्या फिल्टरमधल्या) जिवाणूंना काही तासांत ऑक्सिजन कमी पडतो आणि आतलं पाणी सडतं. चालू करण्याआधी ते ओतून टाका आणि आतला स्पंज टाकीच्याच पाण्यात खंगाळा.