गाणं बघू की ऐकू? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत निम्मे प्रश्न इंडी पॉपचेच निघाले. तेच तेच प्रश्न बाजूला काढून हे घेतलेत.

प्रश्न : ताई, इंडी पॉप म्हणजे नक्की काय? प्लेलिस्टमध्ये तर या नावाखाली काहीही खपवतात.

उत्तर : खपवतात खरं! मुळात इंडी म्हणजे इंडिपेंडंट, मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या बाहेर, छोट्या लेबलच्या, म्हणजे छोट्या कंपनीच्या, नाहीतर स्वतःच्याच जिवावर काढलेलं संगीत. १९८६ मध्ये ब्रिटनच्या एनएमई या संगीताच्या साप्ताहिकाने सी८६ नावाची २२ गाण्यांची कॅसेट काढली आणि किणकिणत्या गिटारी, गोड चाली, जरा कच्चं गायन या सगळ्याला एक ओळख मिळाली. पुढच्याच वर्षी ब्रिस्टलमध्ये दोघांनी सारा रेकॉर्ड्स हे लेबल सुरू केलं आणि १९९५ मध्ये शंभराव्या नंबरची रेकॉर्ड काढून सरळ बंद करून टाकलं, असली माणसं. आता मोठ्या कंपन्यांचे कलाकारही तसंच वाजवतात, त्यामुळे लेबल बघून ठरवायचे दिवस गेले. आवडलं की ऐका, व्याख्येच्या फंदात पडू नका.

प्रश्न : मला ही गाणी व्हिडिओ बघतानाच आवडतात, नुसती ऐकली की निम्मी मजा जाते. मित्र म्हणतात हे काही खरं ऐकणं नाही. आणि एवढे साधे, स्वस्तातले व्हिडिओ डोक्यातून जात का नाहीत?

उत्तर : मित्रांना म्हणावं गप्प बसा. पैसे नसले की एकच कल्पना हाताशी असते आणि ती शेवटपर्यंत खेचावी लागते, खरी गंमत तिथेच आहे. ओके गो या बँडचा २००६ चा ट्रेडमिलवाला व्हिडिओ बघा. आठ ट्रेडमिल, चार माणसं, कॅमेरा एका जागी आणि मध्ये एकही कट नाही, नाच बसवला गायकाच्या बहिणीने, आणि त्याला चक्क ग्रॅमी मिळालं. कट नाही म्हटल्यावर आपण आता कोण आपटतंय म्हणून डोळे लावून बसतो आणि तेवढ्यात ठेका पायात कधी शिरला ते कळतच नाही. पुढे हीच मंडळी २०१६ मध्ये विमानात वजनरहित अवस्थेत तरंगत नाचली. एका वेळी साधारण २७ सेकंदच तरंगता येतं, त्यामुळे मधले तुकडे काढून जोडावं लागलं. खर्च वाढला पण डोकं तेच, एक कल्पना घ्या आणि सोडू नका. याच्या अगदी उलट क्लेरो या गायिकेचा २०१७ चा व्हिडिओ, स्वतःची खोली, वेबकॅम आणि ती, बस्स. मला विचाराल तर चकचकीत शूटिंगवाल्या शंभर व्हिडिओंपेक्षा तो जास्त लक्षात राहतो.

पण एक सांगते, व्हिडिओ आपले कानही चालवतो. कॅमेरा गायिकेच्या चेहऱ्यावर गेला की आवाज पुढे आल्यासारखा वाटतो, ड्रमवर गेला की ड्रम ऐकू येतात, आणि बेस गिटार, म्हणजे खालचे जाड सूर, वाजवणाऱ्याकडे बिचाऱ्याकडे कॅमेरा फारसा जातच नाही म्हणून बेस कित्येकांना अख्खं गाणं संपेपर्यंत ऐकूच येत नाही. मग करायचं काय, तर आवडता व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा आणि कट ठेक्यावर पडतायत की मुद्दाम चुकवलेत ते बघा. मग डोळे मिटून तेच गाणं लावा आणि फक्त बेसचा पाठलाग करा, गाणं वेगळंच वाटेल. आणि ते ओठ बरोबर हलतायत पण केस नि कपडे मात्र संथ उडतायत असं दिसतं ना, तिथे सेटवर गाणं दुप्पट वेगात लावलेलं असतं, त्याच वेगात गायचं, कॅमेराही सेकंदाला दुप्पट फ्रेम्स, म्हणजे दुप्पट चित्रं, टिपत चालवायचा आणि नंतर सगळं नेहमीच्या वेगात दाखवायचं. कळलं की मजा जाते म्हणतात, मला तर वाढते असं वाटतं.

प्रश्न : आवडत्या बँडच्या कॉन्सर्टला गेले आणि मूड गेला. गायिकेचा आवाज बारीक, शब्द कळेनात, व्हिडिओतलं ते जादूचं काही नाहीच. आमचीच अपेक्षा जास्त होती का?

उत्तर : अपेक्षा जास्त नव्हती, चुकीच्या जागी होती. रेकॉर्डिंगमध्ये एकच ओळ दोनदा-तीनदा गाऊन एकावर एक ठेवतात, म्हणून आवाज भरलेला लागतो. स्टेजवर ती एकटी असते. त्यात छोटा हॉल असला की ड्रमला माइकचीही गरज नसते, तो तसाच सगळ्यांच्या डोक्यावर बसतो, आणि हळू गाणारीचं काही खरं नसतं. पुढच्या वेळी अगदी पुढे घुसू नका, तिथे बऱ्याचदा स्पीकरपेक्षा गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर आणि ड्रमच जास्त ऐकू येतात. साउंडवाला ज्या टेबलाशी बसतो त्याच्या आसपास उभं राहा, तो तिथे जे ऐकतो त्यावरूनच सगळं जुळवत असतो.

गर्दीत हळू आवाजाची गायिका ऐकू येत नाही हे रडगाणं तुमचं एकटीचं नाहीये. अमेरिकेच्या एनपीआर रेडिओचे दोघे जण अशाच गोंगाटाच्या बारमध्ये लॉरा गिब्सन या गायिकेला ऐकायला गेले, काही ऐकू आलं नाही, तेव्हा आमच्या ऑफिसात टेबलाशीच येऊन गा असं गमतीत म्हणाले. ती खरंच गेली आणि २००८ मध्ये टायनी डेस्क ही ऑफिसातल्या टेबलाशी होणाऱ्या छोट्या कॉन्सर्टची मालिका सुरू झाली. तिथे गाणाऱ्याला स्पीकरचा आधार नसतो, म्हणून बाकीच्यांना हात आवरून वाजवावं लागतं. कॉन्सर्टच्या आधी असली सेशन्स बघून जात जा, चकचकीत म्युझिक व्हिडिओ बघून नको, म्हणजे खरा आवाज केवढा ते कळतं. फ्रान्सच्या ब्लोगोथेक या संगीताच्या वेबसाइटचे टेक अवे शोज पण बघा, तिथे बँड स्टेज सोडून भलत्याच जागी वाजवतात. आर्केड फायर या बँडची मंडळी २००७ मध्ये पॅरिसच्या ऑलिम्पिया थिएटरच्या सामानाच्या लिफ्टमध्ये वाद्यांसकट कोंबून उभी आहेत, हलायला जागा नाही, आणि एक जण मासिकाची पानं टराटरा फाडतोय, तोच ताल! रेकॉर्डवर हे नाही. लाइव्हला असलंच काहीतरी शोधायचं, जे रेकॉर्डवर नव्हतं ते.

प्रश्न : कॉन्सर्टमध्ये मोबाइलवर शूट करावं का?

उत्तर : एक गाणं करा, मग खिशात ठेवा. मागच्या माणसाला तुमचा हात दिसतो, स्टेज नाही. आणि मोबाइलचा माइक एवढ्या आवाजात फाटतोच, घरी येऊन ते परत कोणी ऐकत नाही.

प्रश्न : कॉन्सर्टनंतर रात्रभर कानात शिट्टी वाजत होती. घाबरायचं का?

उत्तर : घाबरू नका पण सोडूनही देऊ नका, कानाला जास्त झालं याची ती खूण आहे. दोन-तीन दिवसांत थांबली नाही किंवा कमी ऐकू यायला लागलं तर डॉक्टरांकडे जा. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये अशा जागांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवलीये, पण पाळतात किती ते तुम्ही ऐकलंच असेल. म्युझिशियनवाले इअरप्लग मिळतात ते घ्या. फोमचे साधे प्लग वरचे सूर जास्त खातात आणि सगळं गोधडीआडून आल्यासारखं वाटतं, म्युझिशियनवाले मात्र सगळं साधारण सारखंच कमी करतात, त्यामुळे शब्दही कळतात. आणि मधून मधून बाहेर जाऊन कानांना विश्रांती द्या.

प्रश्न : सोबत यायला कोणी नाही. एकटी जाऊ?

उत्तर : जा की! परत कसं यायचं तेवढं आधी ठरवून ठेवा आणि घरी सांगून जा. लवकर पोचा, सुरुवातीला वाजवणारा अनोळखी बँड चुकवू नका, कित्येकदा तोच जास्त आवडतो आणि कार्यक्रम संपल्यावर टीशर्ट विकायच्या टेबलामागे स्वतःच उभा असतो.