सहावा की पहिला?

प्रश्न : स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडमध्ये ‘पहिला’ कसा? दोन्ही देश १६०३ सालीच एक झाले ना?

उत्तर : नाही, इथेच बहुतेकांची गल्लत होते. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ १६०३मध्ये निपुत्रिक वारली आणि १५६७ पासून स्कॉटलंडवर राज्य करणाऱ्या जेम्सकडे इंग्लंडची गादीही आली. तिथे त्या नावाचा तो पहिलाच, म्हणून आकडा बदलला. राजा एक झाला. संसद, कायदा, चर्च वेगळंच राहिलं. राज्यं एक झाली ती १ मे १७०७ला. स्कॉटलंडला कॉमन्समध्ये, म्हणजे एकत्रित संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, अवघ्या ४५ जागा मिळाल्या, पण स्वतःची न्यायालयं त्यांनी राखली, हे फार मोलाचं. स्कॉटलंडची राजचिन्हं, म्हणजे मुकुट, राजदंड आणि तलवार, एडिनबरा किल्ल्यात पेटीत कुलूपबंद झाली. १८१८मध्ये पेटी उघडली, तेव्हा आत ती कापडात गुंडाळलेली तशीच होती.