नट सोडायचं यंत्र, आवळायचं नव्हे

घरच्या गाडीसाठी विजेवर चालणारा इम्पॅक्ट रेंच, म्हणजे ठोके देत नट फिरवणारं यंत्र, घ्यायचा आहे, कोणता घेऊ, असं विचारणारी पत्रं थांबत नाहीत. गोंधळही ठरलेलाच असतो. आकडा जितका मोठा तितकं यंत्र चांगलं, आणि यंत्राने आवळलेला नट हाताने आवळलेल्या नटापेक्षा भरवशाचा, अशी समजूत दिसते. दोन्ही गोष्टी चूक आहेत. काही प्रश्नांना इथे एकत्र उत्तरं देत आहे.

प्रश्न: बंगल्याला लागून गॅरेज आहे. टायर अदलाबदल आणि ब्रेक साफ करण्यासाठी वर्षातून तीन-चार वेळा चाकं काढतो. वायरचा घेऊ की बॅटरीचा?

उत्तर: गॅरेजमध्ये प्लग असेल तर वायरचा. वर्षातून चार वेळा वापरायच्या यंत्राची बॅटरी कपाटात पडून पडूनच खराब होते, आणि काही वर्षांनी तीच बॅटरी बाजारात मिळेल याची खात्री नसते. वायरच्या यंत्रात झिजतात ते मुख्यतः कार्बन ब्रश. ते स्वस्त असतात आणि वायंडिंगवाला बदलून देतो. हजार वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत ओढतं, त्यामुळे घरातला साधा सॉकेट पुरतो. एक्स्टेंशन लागलीच तर १.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर तापते. ओल्या फरशीवर किंवा पावसात उघड्यावर हे यंत्र चालवू नका. गॅरेजच्या लाइनला आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग आहे का, ते आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये जवळ प्लग नसेल तर बॅटरीचाच घ्यावा लागेल. मग घरात ज्या कंपनीचं बॅटरीवरचं ड्रिल असेल, तिच्याच बॅटरीवर चालणारा घ्या. बॅटरी साधारण अर्धी चार्ज करून घरात ठेवा. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ती ठेवली तर लवकर बाद होईल.

प्रश्न: दुकानदार म्हणतो, हजार न्यूटन मीटरच्या खाली काही घेऊच नका. गाडी साधी हॅचबॅक आहे.

उत्तर: दुकानदाराला महागडं यंत्र विकायचं आहे. न्यूटन मीटर हे टॉर्कचं, म्हणजे पिळण्याच्या जोराचं माप. छोट्या-मध्यम गाड्यांचे चाकाचे नट साधारण ८५ ते १३० न्यूटन मीटरला आवळायचे असतात. गंज धरला, कुणी आधी जास्त आवळून ठेवला, तरी खरोखरचे ३०० ते ४०० न्यूटन मीटर देणारं, अर्धा इंची चौकोनी टोकाचं यंत्र बहुतेक घरांना पुरतं. त्याहून मोठं यंत्र जड असतं, चाकाच्या कमानीत हाताळायला अवघड जातं, आणि चुकून आवळायच्या बाजूला फिरलं तर क्षणात स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) मोडतं. जुनी जीप किंवा एसयूव्ही असेल, अ‍ॅक्सलचे मोठे नट घरी खोलायचे असतील, तरच पुढे जा. तेही आपल्या मेकॅनिकला विचारून.

खोक्यावर कोणता आकडा छापलाय तेही पाहा. आवळण्याची ताकद वेगळी, घट्ट बसलेला नट सोडण्याची वेगळी. दुसरा आकडा नेहमी मोठा असतो, म्हणून जाहिरातीत तोच ठळक छापतात. काही ठिकाणी आकडा फूट-पौंडात असतो, त्याला १.३६ ने गुणलं की न्यूटन मीटर मिळतात. शिवाय ही ताकद यंत्र काही सेकंद सलग ठोके देतं तेव्हा मिळते, आणि मध्ये लांब एक्स्टेंशन बार किंवा अ‍ॅडॉप्टर लावला की त्यातली बरीच वाटेतच जिरते. गोटी, म्हणजे नटावर बसणारा सॉकेट, थेट यंत्राला लावा.

प्रश्न: ऑनलाइन २८८ व्होल्टचा इम्पॅक्ट रेंच, दोन बॅटऱ्या, गोट्यांचा संच, सगळं तीन हजारांत मिळतंय. घेऊ का?

उत्तर: नको. तो आकडा व्होल्टचा नाहीच. लिथियम आयन सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झाल्यावर तेच पाच सेल जेमतेम २१ व्होल्ट दाखवतात, म्हणून कुणी १८ लिहितं, कुणी २०. दोन्हींत फरक नाही. २८८ व्होल्टला ८० सेल लागतील. ते हातात मावणाऱ्या बॅटरीत कुठून येणार? अशा यंत्रांवर ‘व्हीएफ’सारखी अक्षरं छापलेली असतात, त्यांना विजेच्या मापात काही अर्थ नाही.

अँपिअर-अवरचंही तसंच. प्रचलित १८६५० सेलची क्षमता साडेतीन अँपिअर-अवरच्या आसपास संपते. दहा सेलच्या बॅटरीत ते पाच-पाचच्या दोन ओळींत जोडतात, म्हणजे जास्तीत जास्त सात. त्यावर १५ किंवा २० छापलेलं असेल तर विक्रेता खोटं बोलतोय. तुमच्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का आणि सुटी बॅटरी केवढ्याला मिळते, हे विचारून मगच पैसे द्या.

प्रश्न: घरात हॅमर ड्रिल आहे. त्याला गोटी लावून चालेल?

उत्तर: नाही. हॅमर ड्रिल पुढे-मागे ठोकतं, इम्पॅक्ट रेंच फिरवण्याच्या दिशेने.

प्रश्न: आणि स्क्रू पिळायच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला अ‍ॅडॉप्टर लावला तर?

उत्तर: बॉडीच्या १० मिलिमीटरच्या बोल्टांना चालेल. चाकाच्या नटाला नको. पाव इंची अ‍ॅडॉप्टर मोडतो.

प्रश्न: घरातल्या चकचकीत गोट्या वापरल्या तर काय बिघडतं?

उत्तर: त्या फुटतात, आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. हाताच्या गोट्या क्रोम व्हॅनेडियमच्या, कडक असतात. इम्पॅक्टच्या काळ्या गोट्या क्रोम मॉलिब्डेनमच्या. त्या ठोका सोसतात. सगळा संच घ्यायची गरज नाही. गाडीला लागते ती एकच घ्या: बहुतेकदा १९ किंवा २१ मिलिमीटरची, फोक्सवॅगन-स्कोडाच्या बोल्टांना १७. अलॉय व्हील असेल तर पातळ भिंतीची, सहा कोनी. काम करताना डोळ्यांवर चष्मा आणि कानांत प्लग हवेतच. आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो.

प्रश्न: यंत्रावर १-२-३ असे टप्पे आहेत. दोनवर ठेवून चाकं आवळतो. पंक्चरवाला म्हणतो, जितकं घट्ट तितकं सुरक्षित. बरोबर ना?

उत्तर: अजिबात नाही, आणि या एका समजुतीपायी रस्त्यावर माणसं अडकतात.

चाकाचा स्टड स्प्रिंगसारखा काम करतो. नट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने चाक हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) दाबून धरलं जातं. मर्यादेपलीकडे ताणला की तो परत आखडत नाही. मग वरून घट्ट वाटणारा नट पुढे ढिला पडतो किंवा स्टड तुटतो. नट कमी-जास्त आवळले गेले तर ब्रेकची डिस्क वाकडी बसते आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. अलॉयच्या चाकात नटाची बसायची जागा चेपते ती वेगळीच.

१-२-३ हे टप्पे न्यूटन मीटर नव्हेत. बॅटरी किती भरलेली आहे, बोट बटणावर किती सेकंद राहिलं, गोटी किती लांब आहे, आटे कोरडे की तेलकट, यावर तोच टप्पा एका नटाला ८० देईल आणि शेजारच्याला २००. आता हिशेब करा. गाडीतला एल पाना साधारण ३० सेंटिमीटरचा. ६० किलोचा माणूस त्यावर उभा राहिला तर जेमतेम १७५ न्यूटन मीटर मिळतात. यंत्राने ३०० लावले असतील तर रात्री घाटात स्टेपनी डिकीतच राहील.

म्हणून इम्पॅक्ट रेंच सोडायला, टॉर्क रेंच (लावलेला आकडा गाठला की सांगणारा हाताचा पाना) आवळायला. बजेट कमी असेल तर आधी टॉर्क रेंच घ्या; इम्पॅक्टशिवाय काम भागतं. ४० ते २०० न्यूटन मीटरच्या आसपासचा, क्लिक होणारा चालेल.

हबचा आणि चाकाचा गंज वायर ब्रशने काढा. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. नट बोटांनी निदान चार-पाच आटे चढवा. अडला तर जोर न करता काढून पुन्हा लावा. मग साध्या पान्याने समोरासमोरचे, पाच असतील तर चांदणीच्या क्रमाने, टेकवा. गाडी खाली घ्या. टॉर्क रेंचने आधी अर्ध्या आकड्याला, मग पूर्ण आकड्याला त्याच क्रमाने आवळा. एकदा क्लिक झालं की थांबा. खात्रीसाठी पुन्हा पुन्हा क्लिक करू नका. ५० ते १०० किलोमीटर चालवून, चाकं थंड असताना पुन्हा तपासा. हे तपासणं बहुतेक जण ‘पुढच्या रविवारी’वर टाकतात. टाकू नका.

तुमच्या गाडीचा आकडा शेजाऱ्याला विचारू नका. तो गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे, नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर सांगेल. किलोग्रॅम मीटरमध्ये दिला असेल तर ९.८ ने गुणा. टॉर्क रेंच वापरून झाला की सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवा, आणि वर्षातून एकदा कॅलिब्रेट करून घ्या.

प्रश्न: चोरी होऊ नये म्हणून लावलेला लॉक नट यंत्राने सोडता येईल का?

उत्तर: नाही. त्याची चावी ठोक्याने फुटते. हातानेच सोडा.

प्रश्न: यंत्राने आवळताना एक नट तिरका चढला. आता तो नुसता फिरत राहतो. बाकीचे तीन घट्ट आहेत. तीन आठवड्यांनी सर्व्हिस आहे, तेव्हा दाखवलं तर चालेल?

उत्तर: चालणार नाही. आटे गेले आहेत. चौथ्याचा भार उरलेल्या तिघांवर पडतोय, आणि तेही त्याच यंत्राने आवळलेले आहेत. स्टड हबमध्ये दाबून बसवलेला असतो. बऱ्याच गाड्यांत डिस्क किंवा ड्रम काढून जुना मागे ठोकून काढतात आणि नवा ओढून बसवतात. स्टड आणि नट दोन्ही बदला, आणि बाकीचे तीनही उघडून त्यांचे आटे तपासायला सांगा. मेकॅनिकला आजच फोन करा आणि घरी बोलवा. गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नका.