डिएल यांचा तक्ता बाजूला ठेव

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

टॅम डिएल यांच्यावरचं तुझं टिपण वाचलं. (स्पेलिंग बघून डॅलियेल म्हणू नकोस, उच्चार डिएल.) १९६२ ते २००५, सलग ४३ वर्षं हा गृहस्थ ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात खासदार होता आणि तू काय काढलंस, तर ते किती वेळा बोलले याचा तक्ता! हॅन्सार्डच्या, म्हणजे संसदेतल्या कामकाजाच्या अधिकृत वृत्तान्ताच्या, मोजणीत तासभराचं भाषण एक आणि उठून विचारलेला एका ओळीचा उपप्रश्नही एकच. मंत्री खात्याची उत्तरं द्यायला सारखेच उभे, त्यांचा आकडा फुगणारच.

त्यापेक्षा एकच विषय धर: जनरल बेलग्रानो. फॉकलंड बेटांवरून ब्रिटन-अर्जेंटिना युद्ध चालू असताना २ मे १९८२ला ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ही युद्धनौका बुडवली, ३२३ माणसं गेली. ४ मेचं कामकाज उघड. संरक्षणमंत्री जॉन नॉट सांगताहेत, नौका आमच्या ताफ्याच्या रोखाने येत होती. आता पुढच्या दोन वर्षांतले डिएल यांचे प्रश्न तारखेने लाव. नौका पहिल्यांदा कधी दिसली? तोंड कुठे होतं? हुकूम कोणाचा? फिरून फिरून तेच. कंटाळा येईल, येऊ दे. समोरच्या बाकावरचे सदस्यही कंटाळले होते. पण उत्तरं कशी सरकत गेली ते बघ. नौका माघारी वळली होती हे उघड झालं. ती आदल्याच दिवशी, १ मेला दिसली होती, हे १९८४ मध्ये सरकारला मान्य करावं लागलं.

म्हणून त्यांना लगेच देव्हाऱ्यात बसवू नकोस. पंतप्रधान थॅचरबाईंना खोटारड्या ठरवण्यापर्यंत ते गेले, त्यापायी सभागृहाबाहेरही काढले गेले. उलट बेलग्रानोचा कप्तान हेक्टर बोन्झो यानेच पुढे सांगितलं की हा युद्धगुन्हा नव्हता. ते टिपणात यायलाच हवं. डिएल यांचा निष्कर्ष मलाही पुरता पटत नाही, प्रश्न मात्र सगळे रास्त वाटतात.

आणखी एक. हॅन्सार्ड शब्दशः नसतं. पुनरुक्ती गाळतात, उघड चुका दुरुस्त करतात, आरडाओरडा कंसातल्या एका शब्दात आटपतात. त्या दिवसाची वर्तमानपत्रं शेजारी ठेवून वाच.

डिएल यांना कागद पुरवणारे सरकारी अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग सरकारी गुपितं फोडल्याच्या खटल्यातून फेब्रुवारी १९८५ मध्ये निर्दोष सुटले. त्या महिन्यातल्या चर्चेपर्यंत वाचून झालं की फोन कर.