बंद हॉटेलात शिरण्याआधी

प्रश्न : आमच्या गावात समुद्राला लागून एक दुमजली हॉटेल बारा-पंधरा वर्षं बंद पडून आहे. मित्रांबरोबर आत जाऊन फोटो काढायचे आहेत. बाहेरून इमारत भक्कम दिसते. काय बघून आत जावं? (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : भक्कम दिसते म्हणजे दर्शनी भिंत उभी आहे, एवढंच. खाऱ्या हवेत खरा धोका स्लॅबच्या पोटात असतो. मीठ काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. मग काँक्रीट आतूनच फुटतं. आयएस 456 : 2000 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर 45 मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं. जुन्या बांधकामात अनेकदा त्याच्या निम्मंही सापडत नाही.

दारातूनच टॉर्च छतावर मारा. सळईच्या रेषेत गेलेली तपकिरी चीर, फुगलेला गिलावा, जमिनीवर पडलेल्या खपल्या, यातलं काहीही दिसलं तर त्या खोलीत पाऊल नको. वर जायचं असेल तर आधी खालच्या खोल्यांची छतं नीट बघा. वर गेल्यावर तुम्ही त्यांच्यावरच उभे असणार. पुढची जमीन बांबूनं ठोकत चला. बद्द आवाज आला की मागे फिरा. खोलीच्या मधोमध न जाता भिंतीकडेनं चाला, जिन्यावर एका वेळी एकानंच.

गॅलरीत मात्र जाऊच नका, खालून ती कितीही चांगली दिसो. गॅलरी एकाच बाजूनं धरलेली असते, त्यामुळे भार पेलणाऱ्या सळ्या वरच्या अंगाला, फरशीखालीच असतात. साचलेलं पावसाचं पाणी नेमकं तिथे मुरतं. खालचं पोट कोरं आणि वरची सळई तुटायला आलेली, असं होतं. समुद्राचा सगळ्यात देखणा फोटो तिथूनच मिळतो, पण तो खालून, अंगणातून काढा.

चिऱ्याच्या भिंतींवरची कौलं गेली असतील तर पाणी भिंतीच्या डोक्यातून आत उतरतं. पावसाळ्यानंतर डिसेंबरपर्यंत थांबा, भिंती सुकू द्या.

आणि आधी परवानगी. मालकाचं नाव सातबाऱ्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या नोंदीत मिळेल. लेखी होकार घ्या. विनापरवाना शिरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली येऊ शकतं. ‘कुलूप नव्हतं’ एवढ्यानं सुटका होत नाही.

प्रश्न : मागच्या अंगणात जमिनीखालची टाकी आहे, झाकण अर्धवट उघडं. उतरून बघता येईल का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : नाही. पाण्याची टाकी असली तरी कुजणारा पाला आतला प्राणवायू संपवतो. शौचालयाची असेल तर हायड्रोजन सल्फाइड असतो. तो जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, म्हणून ‘वास नाही, उतरू या’ हा हिशेब घातक. मेणबत्ती लावून बघू नका, आत मिथेन असू शकतो. कुणी पडलाच तर मागोमाग उडी मारू नका. 112 ला फोन करा.

प्रश्न : साप? (एक वाचक, देवगड)

उत्तर : फुरसं. वीतभर-हातभर लांब, पडक्या चिऱ्यांखाली, दगडांच्या फटीत. खवले घासून करवतीसारखा आवाज करतं. घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घाला आणि बांबूनं चाचपल्याशिवाय ढिगात हात घालू नका. चावलंच तर आवळून बांधू नका, जखम कापू नका. हातपाय स्थिर ठेवून, 108 बोलावून थेट रुग्णालय गाठा. तिथल्या बहुगुणी प्रतिविषात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचा उतारा असतो.