‘लागेल कधीतरी’ आणि अडकलेला खण

तुम्ही विचारलंय, ‘जुने मोबाईल, लॅपटॉप, चार्जर टाकवत नाहीत. ठेवावेत की देऊन टाकावेत? आणि आतल्या डेटाचं काय करायचं?’ प्रश्न वाचला आणि आमचा टीव्हीखालचा खण डोळ्यासमोर आला.

त्या खणात तीन मोबाईल, एक लॅपटॉप, चार्जरांचा गुंता आणि कुठल्याच यंत्राचे नसलेले दोन रिमोट होते. मी आवरायला बसले की नवऱ्याचं वाक्य ठरलेलं, ‘असू दे, लागेल कधीतरी.’ बारा वर्षं ऐकलं मी ते.

मग खण अडकायला लागला. नवऱ्याचं निदान तयार होतं, दमट हवेने लाकूड फुगलंय. त्याने कडांना मेणबत्ती घासली. मग पॉलिशपेपर. पुढच्या रविवारी पटाशी घेऊन बसला आणि फटीत घालून खण उचकटायला लागला. मी म्हटलं, थांब, आधी मागची प्लायची फळी काढून आत बघू. स्क्रू काढले, टॉर्च मारला. वायरींच्या ढिगावर लॅपटॉप बसला होता, पोट उशीसारखं फुगलेलं, टचपॅड उचकटून वर आलेला, झाकण वरच्या फळीला घट्ट टेकलेलं. लाकूड ठणठणीत होतं. फुगली होती बॅटरी, आणि पटाशीचं टोक तिच्यापासून चार बोटांवर होतं.

लिथियम बॅटरी नुसती पडून राहिली तरी आत झिजते. आतल्या द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. ते फुटलं तर आग लागू शकते, आणि ती विझवायला जड जाते. म्हणून अशी बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू तर मुळीच नका. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूवर ठेवा, डबा जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राला आधी फोन करून मग न्या. घरच्या कचऱ्यात तर कुठलीच लिथियम बॅटरी टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत चिरडून त्या पेटतात. चांगल्या बॅटऱ्या देतानाही टोकांना चिकटपट्टी लावा.

आता तुमचा प्रश्न. चालतंय ते याच आठवड्यात वापरणाऱ्याला द्या. मोबाईलच्या उभ्या आयुष्यातलं सर्वाधिक प्रदूषण तो बनवतानाच होऊन गेलेलं असतं, त्यामुळे तो खणात झोपवण्यात काही अर्थ नाही. बंद पडलेलं अधिकृत रिसायकलरकडेच द्या. भंगारात वजनावर गेलेला माल कुठे पोचतो ते कळत नाही. पुढे कुणीतरी तांब्यासाठी वायरी जाळतं, त्या धुरात डायऑक्सिन नावाचं विषारी रसायन असतं. कुणी सोन्यासाठी सर्किट आम्लात बुडवतं. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. हा आकडा मी नवऱ्याला ऐकवला तर म्हणतो, ‘मग आपल्या एका खणाने काय फरक पडणार?’ सगळ्यांच्या घरी एकेकच खण असतो हो!

डेटाच्या बाबतीत मात्र तो जिंकला, हे लिहायलाच हवं. मी जुनी हार्ड डिस्क झटपट फॉरमॅट करून द्यायला निघाले होते. त्याने फुकटचं एक सॉफ्टवेअर चालवलं आणि दहा मिनिटांत आमचे सहलीचे फोटो स्क्रीनवर उभे केले. डिलीट किंवा झटपट फॉरमॅट केल्याने फक्त यादी पुसली जाते, मजकूर तिथेच असतो. हार्ड डिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट करा, म्हणजे जुन्या मजकुरावर सगळीकडे दुसरं काहीतरी लिहून टाका. एसएसडीला, म्हणजे नव्या लॅपटॉपमधल्या चिपवाल्या डिस्कला, ते पुरेसं नाही, त्यासाठी कंपनीची सिक्युअर इरेजची, म्हणजे सगळं कायमचं पुसायची, सोय वापरा. मोबाईलमधून आधी खात्यातून साइन आउट, मग फॅक्टरी रीसेट. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका. आणि हे सगळं फोटो दुसरीकडे उतरवून, ते उघडताहेत ना हे बघितल्यावरच. ही ओळ खरं तर आधी लिहायला हवी होती.

बरं, टाकलेल्या चार्जरांपैकी एक नंतर खरंच लागला. एकच.

खणाची कडा घासून घासून इतकी झिजलीय की आता जवळून चाललं तरी तो आपोआप उघडतो. लाकूडही थोडं फुगलं होतंच, असं नवरा अजून म्हणतो.