नागिणीवर गोळ्या आहेत, मग डेंग्यूवर का नाहीत?

ताई, तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये आईंना नागीण झाली तेव्हा डॉक्टरांनी असायक्लोव्हिर ८०० च्या गोळ्या दिवसातून पाच वेळा दिल्या, आणि गणपतीच्या तोंडावर मुलाला डेंग्यू झाला तेव्हा नुसतं पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी. दोन्ही व्हायरसच, मग एकाला औषध आहे आणि दुसऱ्याला का नाही? शिवाय शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्यात, त्याला आईंच्या उरलेल्या गोळ्या द्याव्यात का, हेही विचारलंय. मी मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत निवृत्त होईपर्यंत काम केलं. पावसाळ्यात रक्ताच्या नमुन्यांबरोबर नातेवाईकांचा हाच प्रश्न खिडकीवर यायचा आणि तिथे सांगायला वेळ नसायचा. म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी अँटिबायोटिकचं बघू. जीवाणू ही स्वतंत्र पेशी असते. तिची स्वतःची भिंत असते, प्रथिनं बनवणारे स्वतःचे रायबोसोम असतात आणि ते आपल्यापेक्षा वेगळे असतात. पेनिसिलिन त्या भिंतीचं बांधकाम बिघडवतं, डॉक्सिसायक्लिन ते रायबोसोम अडवतं. तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सी घ्या असं पालिका सांगते, ते लेप्टो या आजारासाठी. लेप्टो जीवाणूमुळे होतो. डेंग्यूच्या व्हायरसला ना भिंत ना रायबोसोम, त्यामुळे तीच गोळी त्याचं काही बिघडवत नाही.

व्हायरस म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेली जनुकं, कधी त्यावर चरबीचं एक आवरण. गिरणगावातल्या चालू गिरणीत कुणी परक्याने फक्त आपलं डिझाइन घेऊन शिरावं आणि सगळे माग तेच कापड विणायला लागावेत, असा हा प्रकार आहे. माग आपले, सूत आपलं, वीजही आपली. वीज तोडायला गेलो तर गिरणीच मरते. म्हणून औषध शोधणाऱ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शोधावी लागते: या सगळ्या कामात व्हायरसचं स्वतःचं, आपल्या पेशीत नसलेलं, असं काय आहे?

तुमच्या मुलाचाच डेंग्यू घ्या. डास चावला की व्हायरस त्वचेतल्या आणि रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींना चिकटतो. पेशी त्याला एका पिशवीत ओढून आत घेते. पिशवीत आम्लता वाढली की व्हायरसवरच्या प्रथिनाचा आकार बदलतो, त्याचं आवरण पिशवीच्या पडद्याशी एकजीव होतं आणि आतला आरएनए, म्हणजे त्याच्या जनुकांची फीत, पेशीत मोकळा होतो. जेमतेम १०,७०० अक्षरांचा आरएनए. आपले रायबोसोम तो आपलाच समजून वाचतात आणि त्यातून एक लांबच लांब प्रथिन तयार होतं. ते कापून १० तुकडे होतात. काही ठिकाणी आपली एन्झाइम्स कापतात, काही ठिकाणी व्हायरसचं स्वतःचं प्रोटीएज. त्या तुकड्यांपैकी एक म्हणजे आरएनएच्या प्रती काढणारं पॉलिमरेज. आरएनएवरून आरएनए काढण्याचं असं यंत्र व्हायरसला स्वतःचंच आणावं लागतं. मुलाच्या रिपोर्टवर जे एनएस१ पॉझिटिव्ह आलं, तोही याच १० पैकी एक तुकडा. बाधित पेशी तो रक्तात सोडतात म्हणून आम्हाला सापडतो. शेवटी नव्या प्रती वेष्टनात भरल्या जातात, पेशीच्या नेहमीच्या वाटेने बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींना गाठतात.

म्हणजे डेंग्यूतही अडवण्यासारख्या जागा आहेत, प्रोटीएज आहे, पॉलिमरेज आहे. तरी गोळी नाही. हे कळायला आधी आईंची गोळी नीट समजून घ्यावी लागेल. माझ्या मते औषधशास्त्रातली ही सर्वांत देखणी युक्ती आहे.

असायक्लोव्हिर हा डीएनएच्या एका अक्षराचा तोतया. गंमत म्हणजे गिळताना ती जवळजवळ निष्क्रिय असते. तिला काम करण्याजोगं व्हायला तीन फॉस्फेट लागतात आणि त्यातला पहिला फॉस्फेट लावायचं काम आपल्या निरोगी पेशी जवळपास करतच नाहीत. ते करतं व्हायरसचं स्वतःचं थायमिडीन कायनेज नावाचं एन्झाइम. म्हणजे औषध जागं होतं ते फक्त बाधित पेशीत, आणि तेही व्हायरसच्याच हातून. उरलेले दोन फॉस्फेट आपली पेशी लावते. मग व्हायरसचं पॉलिमरेज हे तोतया अक्षर डीएनएच्या साखळीत जोडतं, आणि पुढचं अक्षर जोडायला तिथे जागाच नसते. साखळी तिथेच थांबते. आपलं स्वतःचं पॉलिमरेज या तोतयाला फारसं फसत नाही. हे औषध ज्या प्रयोगशाळेत घडलं तिथल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. ते त्यांच्या एकूण संशोधनपद्धतीसाठी होतं, पण माझ्या मनात ते या गोळीशीच जोडलेलं आहे.

पाच वेळा का, तर ही गोळी पोटातून फार थोडी शोषली जाते आणि मूत्रपिंडं ती काही तासांत बाहेर टाकतात. ओठांवरच्या हर्पिसपेक्षा नागिणीचा व्हायरस हिला कमी दाद देतो, म्हणून डोसही मोठा. आईंना भरपूर पाणी प्यायला सांगितलं असेल ते मूत्रपिंडांसाठीच. ज्यांची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत त्यांना डोस कमी करावा लागतो, हे वयस्कर माणसांच्या घरात सगळ्यांना ठाऊक हवं.

आता डेंग्यू. तिथे बालापिराविर नावाचं तोतया अक्षर करून पाहिलं. ते मुळात हेपटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी बनवलेलं होतं. व्हिएतनाममध्ये ताप सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत रुग्णांना दिलं, पण रक्तातला व्हायरसही घटला नाही आणि तापही. पुढे प्रयोगशाळेत दिसलं की हे औषध जागं करायचं काम आपल्या पेशींवर सोपवलेलं होतं, आणि डेंग्यूने ग्रासलेल्या पेशींत ते काम मंदावतं. असायक्लोव्हिरच्या नेमकं उलट.

दुसरी आणि माझ्या मते मोठी अडचण वेळेची आहे. डेंग्यूचा व्हायरस रक्तात सर्वांत जास्त असतो तो तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. तेव्हा आपण ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी असतो. धोक्याचा काळ येतो ताप उतरताना. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरायला लागतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब घसरतो. तोवर व्हायरस ओसरत आलेला असतो आणि नुकसान करत असतो तो शरीराचा स्वतःचा प्रतिसाद. त्या वेळी प्रती काढणं थांबवून फारसं हाती लागत नाही. हातात राहतं ते द्रवाचं काटेकोर गणित, आणि तेच जीव वाचवतं. ‘नुसतं पाणी’ म्हणून डॉक्टरांवर रागावू नका, तो खरा उपचार आहे. डेंग्यूच्या तापात आयब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मात्र अजिबात नको, रक्तस्राव वाढतो.

वेळेचं हे गणित फ्लूलाही लागू आहे. ओसेल्टामिविर हे औषध नव्या प्रतींना पेशीपासून सोडवणाऱ्या व्हायरसच्या एन्झाइमला, न्यूरामिनिडेजला, अडवतं. नव्या प्रती पेशीच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात, सुटून पुढे जात नाहीत. पण ते ४८ तासांत सुरू केलं तरच खरा फायदा. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या वेळी कस्तुरबा रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या होत्या, तेव्हा प्रत्येक तासाला महत्त्व होतं.

एचआयव्हीत वेळ भरपूर असते, तिथे प्रश्न वेगळा. हा व्हायरस आरएनएवरून उलटा डीएनए बनवतो. अशा प्रकारचं एन्झाइम १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी दुसऱ्या व्हायरसमध्ये स्वतंत्रपणे शोधलं. एचआयव्हीचं हे एन्झाइम प्रती काढताना इतक्या चुका करतं की एकच औषध दिलं तर त्याला दाद न देणारी पिलावळ लवकरच तयार होते. १९८७ मध्ये मंजूर झालेल्या झिडोव्ह्युडिनचं हेच झालं. वेगवेगळ्या टप्प्यांवर घाव घालणारी तीन औषधं एकत्र दिली तेव्हा, १९९६ च्या सुमाराला, माणसं जगू लागली. पण वर्षाचा खर्च १०,००० डॉलरच्या वर. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने अशी तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली. २००४ मध्ये सरकारने मोफत औषधं सुरू केली तेव्हा पहिल्या केंद्रांत मुंबईचं जेजे रुग्णालय होतं. औषध सापडणं आणि ते रुग्णाच्या हातात पडणं यांतलं अंतर मी त्या वर्षांत फार जवळून पाहिलंय, आणि ते अंतर कमी करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तुमच्या आईंना ‘पुन्हा होईल का’ ही भीती आहे, त्याचं उत्तर व्हायरस कुठे लपतो यावर आहे. हेपटायटिस सी कुठे लपत नाही. आपल्या डीएनएत शिरत नाही, सुप्त प्रत मागे ठेवत नाही. म्हणून सोफोसबुव्हिरसारख्या औषधांच्या जोडीने बहुतेक रुग्णांत १२ आठवड्यांत तो कायमचा जातो. एचआयव्ही आपल्या गुणसूत्रात स्वतःला शिवून घेतो, म्हणून गोळ्या जन्मभर. नागिणीचा व्हायरस लहानपणच्या कांजिण्यांपासून मज्जातंतूंच्या गाठींत झोपून असतो. झोपेत तो थायमिडीन कायनेज बनवत नाही, त्यामुळे असायक्लोव्हिर त्याला तिथे शोधू शकत नाही. नागीण पुन्हा होऊ शकते, क्वचित. पन्नाशीनंतर तिच्यासाठी दोन डोसची लस आता भारतात मिळते. महाग आहे, पण आईंच्या डॉक्टरांशी जरूर बोला. पुरळ गेल्यावरही आग, ठणका राहिला असेल तर त्याची औषधं वेगळी असतात, तो अंगावर काढू नका.

राहिला शेजारचा मुलगा. उरलेल्या गोळ्या देऊ नका. १२ वर्षांखालच्या धडधाकट मुलाच्या कांजिण्या बहुधा औषधाशिवाय बऱ्या होतात, आणि द्यायचंच ठरलं तर डोस वजनावर ठरतो, तोही पुरळ आल्यापासून २४ तासांत सुरू व्हायला हवा. त्याच्या घरात गर्भवती बाई, तान्हं बाळ, किंवा केमो घेणारं कुणी आहे का, ते मात्र आजच विचारा. असेल तर त्यांनी वाट न पाहता डॉक्टर गाठावा.